मोरूचं मरण कुणाच्या नावावर?

१

मोरूचं प्रेत सापडलं ते तीन गाड्यांच्या गर्दीत, आणि तिघांपैकी एकही जण त्याला आपला म्हणायला तयार नव्हता.

राहनाळच्या गोदामांकडून हायवेला चढणारा रस्ता आहे, तिथली ही गोष्ट. त्या चढावरच्या खड्ड्यात एकदा एक बैलजोडी उतरली ती थेट कल्याणच्या बाजारात वर आली, असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. पुढचं मात्र ऐका, कारण त्यात मीठमसाला घालायला मला कुणी जागाच ठेवलेली नाही.

सगळ्यात पुढे यादवचा कंटेनर. त्याच्यामागे नारपोलीच्या भावेशचा कापडाचे तागे भरलेला टेम्पो. टेम्पोमागे गोदामाचा मॅनेजर कुणाल, त्याच्या पांढऱ्या नव्या गाडीत. आणि कंटेनरचं मागचं चाक व टेम्पोचं तोंड यांच्यामध्ये चिरडलेला मोरू, त्याच गोदामातला हमाल. गोदामाचा कॅमेरा गेटकडे बघत होता. रस्त्याकडे त्याची पाठ. पोलिसांनी लिहिलं की कंटेनर चढावर उभा होता, टेम्पोने मागून धडक दिली आणि मधे माणूस मेला. भावेशवर गुन्हा दाखल झाला. टेम्पोचा विमा चालू होता, म्हणजे भरपाई विमा कंपनीने द्यायची. सरळ हिशोब.

पण विमा कंपनी सरळ चालली तर तिला कंपनी कोण म्हणेल? तिच्या वकिलांनी ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात सांगितलं की मयत दारू पिऊन गाडीपुढे आला, स्वतःच्या चुकीने मेला, आम्ही काही देणं लागत नाही. साक्षीला तिन्ही चालक होते.

मग मोरूची बायको चंद्रा दिघाशीहून भिवंडीच्या कोर्टात आली आणि अ‍ॅडव्होकेट धम्मदिना उबाळे यांच्या टेबलासमोर उभी राहिली. आधीचा वकील तारखा घेऊन घेऊन दमला होता आणि त्याने फाइल परत केली होती.

धम्मदिनाबाई चाळिशी ओलांडलेल्या, आवाजाने बारीक आणि नजरेने जाड. साक्षीदाराला त्या ‘काय पाहिलंत’ असं कधी विचारत नसत. ‘तेव्हा कुठे बघत होतात’ असं विचारत. वकिलांच्या बार रूममध्ये म्हणायचे की उबाळेबाईंनी विचारलं तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा आपण मागे का पडलो ते कबूल करेल.

चंद्राला बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं की मुलगी कौसल्या आश्रमशाळेत सातवीला आहे. वीटभट्टीचा मुकादम दोनदा येऊन गेला. कोर्टाचे पैसे येणार असले तर ती थांबेल. नसले तर दिवाळीनंतर पोरीला शाळेतून काढून भट्टीवर जाईल. एकटीच्या हातांनी विटा पडत नाहीत, जोडी लागते.

बाईंनी तिघांचे जबाब वाचून दाखवले. तिघांनीही सांगितलं होतं की मोरू एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन झिंगत आला.

चंद्रा म्हणाली, "बाय, तो पित व्हता. न्हाय कोन बोलतं? पन कामावं असताना न्हाय. आन् चपला त्याला व्हत्याच कुठं? गोदामात बूट घालावं लागतं, तो एकच जोड. दवाखान्यातून आमी आनला तवा दोनी बूट पायातच व्हतं."

धम्मदिनाबाईंनी पेन खाली ठेवलं. एकाने चप्पल पाहिली असती तर तो डोळ्यांचा दोष. तिघांनी तीच न असलेली चप्पल पाहिली होती.

२

भावेशच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, कारण भिंतीपलीकडे लूम, कापडाचे यंत्रमाग. नारपोलीत नवराबायकोची भांडणंसुद्धा लूमच्या तालावर होतात आणि लाइट गेली की अख्ख्या गल्लीला ऐकू येतात. भावेश खाटेवर बसला होता. गुन्हा लागल्यापासून त्याला कुणी भाडं देत नव्हतं. टेम्पो दारात उभा, त्यावर शेजाऱ्यांचे कपडे वाळत घातलेले.

तो सगळं पाठ केल्यासारखं बोलला. मी मागून आलो, ब्रेक लागला नाही, धडकलो. मोरूला ओळखत नव्हतो. बाईंनी त्यांचा तो प्रश्न विचारला: धडकलात तेव्हा कुठे बघत होतात? समोर की आरशात?

"आरशात," भावेश म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "म्हणजे समोर."

त्याची बायको सुवर्णा पाणी घेऊन येत होती. ती दारातच थांबली. मग तिने पेला नवऱ्यासमोर नाही, बाईंसमोर ठेवला आणि आत निघून गेली.

कुणालचं ऑफिस गोदामाच्या माळ्यावर होतं, इतकं थंड की तिथे उन्हाळ्यात पेंग्विन अर्ज करतात म्हणे. कुणाल गोड बोलला. मोरू ठेकेदाराचा माणूस, शिफ्ट संपलेली, गेटबाहेर गोदामाचा संबंध नाही. त्याची स्वतःची गाडी तर टेम्पोला नुसती टेकली. तरी नुकसान बघा मॅडम, बॉनेट गेलं, रेडिएटर फुटला, टोइंग व्हॅन बोलवावी लागली, वर डिकी आणि मागचा दिवा बदलावा लागला.

"तुमच्या मागे कोणती गाडी होती?"

"कोणतीच नाही. मी शेवटचा होतो. मागे फक्त विजेचा खांब."

मग कुणालने घाईने जोडलं की नंतर गाडी मागे घेताना खांबाला लागली असेल.

"रेडिएटर फुटलेली गाडी, जिला न्यायला टोइंग व्हॅन लागली, ती?"

कुणालने चहा मागवला. बाईंनी चहा घेतला नाही. खाली उतरून त्या चढावर गेल्या. विजेच्या खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीला पांढऱ्या रंगाचा ओरखडा अजून होता. सगळ्या गाड्या पुढे जात असताना शेवटच्या गाडीचं ढुंगण मागच्या खांबावर कसं आपटलं?

३

दिघाशीच्या पाड्यावर मोरूचा थोरला भाऊ लडकू धम्मदिनाबाईंना माळावर घेऊन गेला. तिथे मोरूला पुरलं होतं. त्यांच्यात माणसाचं जे असेल ते त्याच्याबरोबर द्यायची रीत आहे. कोयता, तंबाखूची चंची, पांघरूण. दिलेलं परत घ्यायचं नाही. घेतलं तर तो मागायला येतो. लडकूने आधीच बजावलं की बघा, फोटो काढा, पण हात लावायचा नाही.

दगडांच्या राशीवर कोयता होता, गंजलेला. चंची होती. आणि एक लाकडी ठोकळा होता, पाचरीसारखा उतरता कापलेला, तेलाने काळा झालेला. त्याला तांबड्या दोरीचा फास होता.

"हा मोरूचा?"

लडकू म्हणाला, "पोलिसांनी कपड्यांसंगट दिला. त्याच्या हाताखाली घावला म्हनाले. आमाला वाटला त्याचाच असंल, गोदामात कायतरी लागत असंल. म्हून दिला त्याला."

चंद्रा मागे उभी होती. पुरतानाही तिने ठोकळा नीट पाहिला नव्हता. आता पाहिला आणि म्हणाली की आपल्या घरात असली वस्तू कधी नव्हती.

पोलिसांना तो लाकडाचा तुकडा वाटला. घरच्यांना मोरूची वस्तू वाटली. त्यामुळे सबंध खटल्यातला एकमेव पुरावा त्यांनी मानाने, रडत, मेलेल्या माणसाला देऊन टाकला होता. बाई खाली वाकून बघत राहिल्या. असला ठोकळा चढावर थांबलेल्या अवजड गाडीच्या चाकाखाली लावतात. मरताना तो मोरूच्या हातात होता, याचा अर्थ तो गाडीपुढे झिंगत आला नव्हता. तो कामावर होता. पण कुणाच्या?

४

यादव गाडीतच राहायचा. कंटेनर गोदामाबाहेर लागलेला होता आणि तो चाकाच्या सावलीत कणीक मळत होता. बाईंनी त्याच्याशी शेतीच्या गप्पा मारल्या. जौनपूरकडच्या पावसाची चौकशी केली. बोलता बोलता त्या गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. मागच्या चाकांपाशी ठोकळे अडकवायचे दोन आकडे होते. एकावर तांबड्या दोरीचा, उतरता कापलेला ठोकळा लटकत होता. दुसरा आकडा रिकामा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिघांना चढाजवळच्या टपरीवर बोलावलं. चौकशी म्हणून नव्हे, चहाला म्हणून. तिघेही आले, कारण न आलेल्याविषयी उरलेले दोघे काय बोलतील याची प्रत्येकाला धास्ती होती.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, टेम्पोने कंटेनरला धडक दिलीच नाही. तशी दिली असती तर शेवटची मोटार मागच्या खांबावर आपटली नसती. तिला मागे ढकललं टेम्पोने आणि टेम्पोला ढकललं कंटेनरने. कंटेनर चढावर बंद पडला होता. मोरू शिफ्ट संपवून घरी निघाला होता, ओळखीच्या यादवने हाक मारली म्हणून त्याने चाकाखाली ठोकळा लावला. गाडी दुरुस्त झाल्यावर यादवने ती जराशी पुढे घेतली आणि ठोकळा काढायला सांगितलं. मोरूने ओढला. गाडी पुन्हा बंद पडली, ब्रेक लागला नाही, आणि सगळं उतारावर मागे आलं. भावेश आरशात बघत होता, कारण समोरून येणारं बघून त्याला मागे पळायचं होतं. मागे कुणाल होता.

"आणि चप्पल," त्या म्हणाल्या, "ती कुणाची कल्पना?"

यादवने कुणालकडे पाहिलं. कुणालने चहाकडे.

पहिला भावेश फुटला. त्याने डोकं टेबलावर टेकलं आणि म्हणाला की मी कुणाला मारलं नाही, मी उभा होतो, सुवर्णा रोज विचारते की असं नाव का लावून घेतलंस. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोर्टात खरं सांगणार ना, असं विचारलं. तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी बाईंनी अर्ज तयार केला: कंटेनरलाही सामनेवाला, म्हणजे प्रतिवादी, करा. डिकी, खांब, ठोकळा, सगळं ओळीने मांडलं. सकाळी ठाण्याला जाऊन दाखल केला आणि प्रत विमा कंपनीच्या वकिलांच्या हातात दिली. वकिली आयुष्यात इतका नेटका अर्ज त्यांनी लिहिला नव्हता.

दोन दिवसांनी यादव त्यांच्या टेबलापाशी आला. तो घाबरलेला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, आणि ती बाईंसाठी होती.

"मैडम," तो म्हणाला, "आपने ये तो पूछा के हमने झूठ काहे बोला. ये नहीं पूछा के किसके लिए बोला."

५

कंटेनरचा विमा संपलेला होता.

पोलिसांच्या कहाणीत कंटेनर बिचारा उभा होता, म्हणून त्याचे कागद कुणी मागितलेच नव्हते. ना आधीच्या वकिलाने, ना उबाळेबाईंनी. तो कागदावर यादवच्याच नावाचा होता, कर्जाऊ घेतलेला, हप्ते थकलेले. विमा नसलेली गाडी गेटमधून आत घेतली म्हणून कुणालची नोकरी जाणार होती. त्या दिवशी मोरूला उचलायच्या आधीच कुणालने हिशोब घातला होता. टेम्पोचा विमा चालू आहे. टेम्पोने मारलं म्हटलं तर विधवेला कंपनीकडून भरपाई मिळेल, यादव वाचेल, मी वाचेन. भावेशवर गुन्हा लागेल, पण जामीन होतो, आम्ही भाडी देत राहू. (भाडी पुढे कुणी दिली नाहीत, ते वेगळं.) फक्त मोरू मधे काय करत होता ते सांगायला काहीतरी हवं होतं. म्हणून दारू. म्हणून चप्पल. तेच वाक्य विमा कंपनी आपल्यावर उलटवेल, हे त्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

"हमने सोचा था औरत को पैसा मिलेगा," यादव म्हणाला. "अब मेरे ऊपर लिखवाओगी, तो लिखवाओ. मेरे पास तवा है, परात है. ले जाओ."

बाईंनी त्याच दिवशी अर्ज मागे घेतला. पण प्रत गेलेली होती, आणि विमा कंपनीचे वकील वाचायला शिकलेले होते.

त्यांनी चंद्राला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. खरं कोर्टापुढे आलं तर मोरूवरचा दारूचा डाग जाईल आणि भरपाई यादवकडून मिळेल, म्हणजे मिळणार नाही. भावेश खोट्यावर टिकला तर चपलेचं खोटं तेवढं पाडता येईल आणि कंपनीकडून निदान काही पदरात पडेल. पण मी वकील आहे, खोटं बोल असं मी साक्षीदाराला सांगू शकत नाही.

चंद्राने विचारलं, भावेश राहतो कुठं.

ती एकटीच नारपोलीला गेली. तिथे काय झालं ते सुवर्णाने पुढे कितीतरी जणींना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तेवढंच सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. म्हणून मीही वाढवत नाही. चंद्रा उंबऱ्याबाहेर बसली. भावेश तिच्याकडे बघेना. तो म्हणाला, ताई, तुझ्या माणसाला मी मारला नाही.

"मला ठावं हाय," चंद्रा म्हणाली. "पन दादा, तू मारला असाच सांग."

लूम चालू होते. सुवर्णाला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं.

"तुला शिक्षा झाली त तुज्या बायकोबरोबर मी येन तुला बघायला. तुज्या पोरांना मी शिव्या देऊ देनार न्हाय कुनाला. पाड्यावं सांगन, भावेशदादा भला मानूस हाय. पन कोरटात तू मारला असाच सांग."

भावेशने बायकोकडे पाहिलं. गेले कित्येक महिने ती त्याला खरं बोल म्हणून सांगत होती. सुवर्णाने डोक्यावरून पदर घेतला आणि आत जाऊन चंद्रासाठी ताट वाढलं.

६

ठाण्याच्या न्यायाधिकरणात भावेश साक्षीला उभा राहिला आणि खोटं बोलला. इतकं चांगलं खोटं मी जन्मात ऐकलेलं नाही, आणि मी काही या धंद्यात नवखा नाही. चप्पल त्याने सोडून दिली. म्हणाला, मयत प्यायलेला नव्हता, नीट उभा होता, चूक सगळी माझी, माझा वेग जास्त होता, मी मारला. तेव्हा कुठे बघत होतात, असं त्याला आज कुणी विचारलं नाही. उबाळेबाई खाली बघत बसल्या होत्या.

मग विमा कंपनीचे वकील उठले. सभ्य गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी एक प्रत काढली आणि म्हणाले की मी स्वतःचं काही बोलत नाही, अर्जदाराच्या विद्वान वकीलबाईंनीच लिहिलेलं वाचतो. आणि त्यांनी वाचलं. शेवटच्या गाडीची डिकी. खांबावरचा पांढरा ओरखडा. दोन आकडे, एक ठोकळा. प्रत्येक वाक्यानंतर ते भावेशला विचारत होते की हे खोटं आहे का. भावेश हो म्हणत गेला. पाचव्या की सहाव्या वेळी तो हो म्हणायचं सोडून उबाळेबाईंकडे बघू लागला. अर्ज मागे घेतला होता, पण खांब कुणी मागे घेतलेला नव्हता. न्यायाधीशांनी कुणालला बोलावलं आणि गॅरेजचं बिल आणायला लावलं. डिकी त्यात होतीच. मग त्यांनी आपणहून यादवला सामनेवाला करून घेतलं आणि नोटीस काढली.

निकाल लागला तो इतका न्यायाचा की त्यात बोट ठेवायला जागा नाही. मोरू दारू प्यायलेला नव्हता. त्याची तीळभरही चूक नव्हती. टेम्पोचा दोष नाही, म्हणून त्याच्या विमा कंपनीवर बोजा नाही. भावेशला खोट्या साक्षीबद्दल समज देऊन सोडलं. भरपाई पूर्ण मंजूर, व्याजासकट, चालक आणि मालक यादव याच्याकडून वसूल करावी. यादव तोवर गावी निघून गेला होता. कंटेनर कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेला होता. आणि तवा-परात त्याने, बोलल्याप्रमाणे, उबाळेबाईंच्या टेबलाखाली ठेवली होती.

कुणालला दुसऱ्या गोदामात जास्त पगाराची नोकरी लागली. हुशार माणसाचं अडत नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी धम्मदिनाबाई दिघाशीच्या फाट्यावर गेल्या. मुकादमाचा ट्रक उभा होता. चार-पाच कुटुंबं चढत होती. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं. कौसल्या शाळेच्या गणवेशात होती, कारण तिच्याकडे तेवढाच धड कपडा होता. बाईंनी सांगितलं की मी वसुलीचा अर्ज केलाय, जौनपूरला नोटीस गेलीय, मी सोडणार नाही. चंद्रा ऐकत होती. तिने मान हलवली, जशी आजारी माणसाच्या बोलण्याला हलवतात तशी.

"पाड्यावं समद्यांना सांगितलं," ती म्हणाली. "मोरू पेलेला नव्हता म्हून. लडकू रडला."

"हो."

"बाय, तुमी लय हुशार हाव." चंद्राच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता. "जरा कमी हुशार असत्या त बरं झालं असतं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. चंद्रा ट्रकवर चढली आणि तिने खाली हात केला. बाईंना वाटलं, निरोपाचा. पण तिला खाली राहिलेलं भांड्यांचं बोचकं हवं होतं. धम्मदिनाबाईंनी ते उचलून वर दिलं. मग कौसल्याला काखेत धरून उचललं आणि तिलाही वर दिलं.